सातव्या रकान्यातलं पाणी

माणसाने दिवसाला किती पाणी प्यावं, हा प्रश्न मला वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत पडलेला नव्हता. तहान लागली की मी प्यायचो आणि भागली की थांबायचो. एवढ्या तुटपुंज्या ज्ञानावर माझं उत्तम चाललं होतं. पण सत्तावन्न साली पिंपरीतल्या आमच्या चाळीला नळ मिळावा म्हणून मी सरकारकडे अर्ज केला, आणि बेफिकीरपणे पाणी पिण्याचे माझे दिवस संपले.

अर्ज मीच का लिहिला, तर चाळीत शाईचं पेन फक्त माझ्याकडे होतं. मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. माझ्या अक्षराला आमचे मोठे साहेब एकदा ‘वाचता येतं’ असं म्हणाले होते. साहेब मोजकंच बोलत, तेव्हा ही स्तुतीच समजायची. चाळ दहा खोल्यांची, मालक कोंडाजी इथलेच जुने शेतकरी, आणि भाडेकरू आम्ही बहुतेक नव्या कारखान्यांच्या भोंग्यामागे धावत आलेले. कुणी फलटणकडचा, कुणी परभणीचा, कुणी चिपळूणचा. पाणी कोंडाजींच्या विहिरीवरून यायचं. विहीर बांधाबांधाने सहाशे पावलांवर. सहाशे हा आकडा मला तेव्हा ठाऊक नव्हता. तो नंतर पायांनी शिकवला.

अर्जात तेरा रकाने होते. बारा मी एका बैठकीत भरले. सातव्या रकान्यात विचारलं होतं, ‘दरडोई पिण्यास लागणारे पाणी, दररोज.’ मी जरा विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘पुरेसे’. महिन्याभराने अर्ज परत आला. माझ्या शब्दाखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ आणि शेजारी शेरा होता, ‘पुरेसे म्हणजे किती?’

आता ज्या माणसाच्या हाताखालून हजारो खिळे, बोल्ट आणि बाटल्यांची बुचं मोजून जातात, त्याला ‘म्हणजे किती’ विचारणं हा अपमानच. मी तो गिळला (पाण्याशिवाय) आणि संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना बोलावलं.

“सोपं आहे की,” अर्जुनराव म्हणाले. हे फिटर, परभणीचे, तरुणपणी आखाड्यात घुमलेले, आणि अजूनही दारातून आत जाताना खांदा तिरका करणारे. “सकाळी उठलं की चूळ न भरता एक तांब्या. मग एक तांब्या. जेवताना दोन.”

“एकूण किती?”

“एकूण कोण मोजायलंय राव? पोटावर थाप मारली की डबडब वाजलं पाहिजे.”

“चूक, साफ चूक!” मालोजी मास्तर म्हणाले. मास्तर गावच्या शाळेत शिकवत. अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण मतं भरपूर होती. “पाणी हे औषध आहे. जेवणाआधी घेतलं तर भूक मारतं, जेवणानंतर घेतलं तर पचन मारतं, आणि जेवताना घेतलं तर दोन्ही मारतं.”

“मग प्यायचं कधी, मास्तर?”

“तोच तर अभ्यासाचा भाग आहे,” मास्तर गंभीरपणे म्हणाले.

आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शालनबाई दाराआडून बोलल्या, “आमच्या चिपळुणाला कुणी मोजत नाय हो. चार महिने आभाळातून एवढं कोसळतं की पाणी नुसतं बघूनच तहान जाते.”

कोंडाजी इतका वेळ तंबाखू मळत बसले होते. “ह्यात इचारायचं काय मी म्हन्तो? गुराला कुनी इचारतं का, बाबा किती पिनार? बारडी फुडं ठिवायची. त्यानं तोंड वर काढलं का झालं.”

“कोंडाजी, अर्जात असं लिहिता येत नाही.”

“का न्हाई? लिवा, कोंडाजी सांगतो म्हून!”

तज्ज्ञाला विचारावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, “काय होतंय?”

“काही नाही. साधारण माणसाने रोज किती पाणी प्यावं?”

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांना साधारण माणूस समोरच मिळाला असावा. “जीभ दाखवा,” ते म्हणाले. मी दाखवली. “तुम्ही किती पिता?”

“मोजलेलं नाही.”

“आणि लघवीला किती वेळा जाता?”

“तेही नाही मोजलं.”

त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. “सात-आठ पेले लागतात माणसाला. उन्हात राबणाऱ्याला जास्त, पंख्याखाली बसणाऱ्याला कमी.”

“पेला केवढा, डॉक्टर?”

“पुढचा पेशंट,” डॉक्टर म्हणाले. बाहेर कंपाउंडरने मला बारा पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्या कशासाठी होत्या ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण नियमाने घेतल्या.

मग अर्ध्या दिवसाची रजा काढून मी पुण्याला त्या ऑफिसात गेलो. ऑफिसचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं नोकरीला आहेत. खिडकीमागच्या कारकुनाला मी बंधुभावाने म्हणालो, “सात ते आठ पेले असं लिहिलं तर?”

“अंदाज आहे की मोजलंय?”

“डॉक्टरांनी सांगितलंय.”

“डॉक्टर राहतात का तुमच्या चाळीत?” त्याने चष्मा कपाळावर चढवला. “अंदाज चालत नाही. सात दिवस मोजा, माणशी सरासरी काढा आणि लिहा. मग आमचे ओव्हरसीअर तपासणीला येतील.”

“पण प्यायलेलं पाणी मोजायचं कसं?”

“पिण्याआधी मोजा,” तो म्हणाला. “नंतर मोजणं अडचणीचं जातं.”

परतीच्या गाडीत बसल्यावर मात्र माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. मोजमाप म्हणजे आपला प्रांत! मोजायचं तर प्रत्येक घरात एकसारखं भांडं हवं. बाजारात एकसारखी दहा भांडी शोधली, तेव्हा फक्त पत्र्याची टमरेलं मिळाली. मी ती मोठ्या हौसेने चाळीत आणली. शालनबाईंनी एक उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, “दौलतराव, हे घेऊन माणसं कुठे जातात ते ठाऊक आहे ना तुम्हाला? आणि आम्ही ह्याने पाणी प्यायचं?” पुढे आठ दिवस बायका मला पाहिलं की पदर तोंडाला लावत.

अखेर दूधवाल्याचं पावशेराचं माप मागून आणलं आणि प्रत्येक घरच्या फुलपात्राला पावशेर पाणी जिथवर येतं तिथे खिळ्याने एक बारीक रेघ मारली. रेघेपर्यंत भरायचं, प्यायचं आणि दाराशेजारच्या भिंतीवर खडूची एक उभी रेघ ओढायची. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. खडूचे तुकडे मास्तरांनी शाळेतून आणून दिले, पण ‘हे सरकारी खडू सरकारी कामालाच लागत आहेत’ असं माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी अर्जुनराव चहाच्या टपरीवरून बातमी घेऊन आले. जेवढी सरासरी जास्त तेवढे नळ जास्त! पाच फुलपात्रांना एक, दहांना दोन, आणि पंधराच्या वर गेलं तर घरटी एक.

“कोण म्हणालं?”

“सगळे म्हणायलेत राव.”

त्या संध्याकाळी चाळीतल्या भिंतींना खडूची पुटं चढली. अर्जुनराव एकतीस रेघांवर पोचले आणि पोटावर थाप मारून प्रत्येकाला डबडब ऐकवू लागले. मास्तर आधी तत्त्वाला चिकटून दोन रेघांवर होते, पण ‘तुमच्यामुळे चाळीचा नळ जातोय’ असं चारचौघांत ऐकवल्यावर तेही पेटले. चैत्राचं ऊन होतं, तरी एवढी तहान चैत्रालाही शोभेना.

शरीराचे काही नियम असतात, ते आम्ही जमेस धरले नव्हते. चाळीमागे संडास दोन. सकाळच्या शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा तिथे चौदा माणसं रांगेत उभी होती आणि कुणीही कुणाला ‘आधी तुम्ही’ म्हणत नव्हतं. कारखान्यात अर्जुनराव चार तासांत नऊ वेळा मशीन सोडून गेले. फोरमनने त्यांना प्रेमाने बाजूला घेऊन घरी काही भांडण आहे का, असं विचारलं. शाळेत मास्तर पाढे सुरू करून देत आणि ‘चालू ठेवा!’ असं ओरडत मैदानाकडे धावत. त्या आठवड्यात पोरांचे एकोणतीसपर्यंतचे पाढे पाठ झाले. मी स्वतः एका चलनावर सहीच्या जागी खडूसारखी उभी रेघ ओढली. साहेबांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. ‘वाचता येतं’ असं काही ते म्हणाले नाहीत.

हे सगळं पाणी विहिरीवरून कोण आणत होतं, हा विचार त्या दिवसांत आमच्यापैकी एकाही पुरुषाच्या डोक्यात आला नाही. डोक्यावर हंडा असता तर आला असता.

चौथ्या दिवशी कोंडाजी हातात सुकलेलं वांग्याचं रोप घेऊन आले. “दौलतराव, हिरीनं बूड दावलं! वांगी गेली माजी. तुमी मानसं पिताय का मोट लावलीय तोंडाला?”

मी त्यांची समजूत काढत होतो, तोवर बाजारातून दुसरी बातमी आली. सरकार हे सगळं मोजतंय ते कर बसवायला! जो जास्त पिईल त्याला जास्त. झालं. दुपारी जेवायला घरी आलो तर शालनबाई ओल्या फडक्याने भिंत पुसत होत्या.

“शालनबाई! काल तुमच्या सव्वीस होत्या!”

“कसल्या?”

“रेघा!”

“त्या होय. त्या नक्षीच्या होत्या. आमच्याकडे पाणी पीत नाहीत, चहा पितात.”

अर्जुनरावांच्या मिशांवरून पाणी ठिबकत होतं. “मी लहानपणापासूनच पाणी पीत नसतो राव,” ते म्हणाले. “आवडतच नाही.” मास्तर तेवढे प्रामाणिक राहिले. त्यांनी भिंत पुसली नाही, पण वर ‘शुद्धलेखनाचा सराव’ असं लिहून ठेवलं.

माझा आठवड्याचा डोलारा असा चार दिवसांत कोसळला. आता ओव्हरसीअर येणार आणि मी त्यांना काय दाखवणार? चाळ मला हसत होती ते वेगळंच. येता-जाता कुणीतरी विचारायचं, “काय दौलतराव, आज किती भरलं?” मी ठरवलं, कुणी नाही तर नाही, निदान आपल्या घरचं तरी खरं मोजायचं. दाराच्या डाव्या बाजूला माझ्या रेघा, उजव्या बाजूला सुमनच्या. सुमन म्हणजे माझी बायको. घरात आम्ही दोघंच. तीन दिवस चोख मोजलं. माझ्या अकरा, बारा, अकरा. तिच्या तीन, चार, तीन.

चौथ्या दिवशी मी कागद घेऊन चुलीपाशी गेलो. “सुमन, तुझ्या बाजूचा आकडा चुकलाय.”

“नाही चुकला.” ती भाकरी थापत होती.

“सरकारी काम आहे हे. लाजून चालायचं नाही.”

“लाजायचं काय त्यात? तीन प्यायले, तीन रेघा काढल्या.”

मग मी तिला समजावून सांगितलं. माणसाला सात-आठ पेले लागतात, उन्हात राबणाऱ्याला जास्त लागतात, डॉक्टरांचं तसं मत आहे. चांगलं विस्ताराने सांगितलं. मास्तरांकडे असतात तशी दोन-तीन वाक्यं मलाही सुचली. तिने भाकरी उलटली, फुगू दिली, टोपलीत टाकली आणि म्हणाली, “उद्या गुरुवार. सुटी आहे ना तुम्हाला? उद्याचं पाणी तुम्ही भरा. मग डॉक्टर काय म्हणाले ते सांगा.”

मी हसलो. स्टोअरमध्ये वीस-वीस मण माल रोज माझ्या हातून हलतो. म्हणजे कागदावर हलतो, पण हलतो.

सकाळी मी हंडा, कळशी आणि चुंबळ घेऊन निघालो. विहिरीवर चार-पाच बायका होत्या. मला पाहताच सगळं बोलणं थांबलं. नुसते पोहरे हलत राहिले. मी पाणी शेंदलं, हंडा भरला आणि डोक्यावर घेतला. डोकं आणि हंडा यांच्यामध्ये चुंबळ असावी लागते. ती माझ्या खांद्यावर राहिली होती. सुमारे वीस पावलं मी राजासारखा चाललो. एकविसाव्याला हंडा डावीकडे गेला, त्याला गाठायला मी डावीकडे गेलो, आणि बांधावरून आम्ही दोघं बरोबरच वाफ्यात उतरलो. मागून हसण्याचा आवाज आला. त्यात शालनबाईंचा मी ओळखला.

दुसऱ्या खेपेला कळशी हातातून सुटून विहिरीत गेली. कोंडाजींची बायको गोजाबाई जवळच गवत कापत होती. तिने विळा ठेवला, गळ आणला आणि दोन हिसक्यांत कळशी वर काढून दिली. “दौलतराव, हंड्याला भिऊ नगा,” ती म्हणाली. “त्यो तुमाला भितोय.”

घरी पोचल्या पोचल्या मी हंड्यात पाहायचो. प्रत्येक वेळी त्यात मी भरलं होतं त्याहून कमी पाणी असायचं आणि माझ्या सदऱ्यात जास्त. दुपारपर्यंत सहा खेपा झाल्या. मानेत काहीतरी लोखंडाचं बसवल्यासारखं झालं. घशाला कोरड पडली. मी माठाचं झाकण काढलं, फुलपात्र उचललं, आणि माझा हात थांबला. स्टोअरच्या सवयीने मनात आकडे फिरू लागले. हंड्यात वीस शेर, म्हणजे ऐंशी फुलपात्री. जाऊन-येऊन बाराशे पावलं. एका फुलपात्राला पंधरा पावलं पडतात! एवढी तहान लागलीय का आपल्याला? मी जरा विचार केला. इतकी काही नव्हती. मी झाकण ठेवून दिलं.

तेवढ्यात मालोजी मास्तर आले. “दौलतराव, जरा पाणी द्या,” म्हणाले. मी दिलं. त्यांनी एक प्यायलं. दुसरं प्यायलं. तिसरं अर्धं प्यायलं, उरलेल्याची खळखळून चूळ भरली आणि ती अंगणात तुळशीपासून दूर, निव्वळ धुळीत टाकली.

“मास्तर!” मी जवळजवळ ओरडलो. “ती माझी साडेसात पावलं होती!”

मास्तर घाबरून माझ्याकडे बघत राहिले. आत सुमनच्या बांगड्या वाजल्या. ती पदर तोंडात धरून हसत होती.

संध्याकाळी मी भिंतीकडे पाहिलं. डावीकडे माझ्या रेघा चार. उजवीकडे तिच्या नऊ. नववी रेघ तेवढी इतरांपेक्षा लांब काढलेली होती.

मी तिथेच खाली बसलो. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. फलटणच्या आमच्या घरी आडच दारात होता. इथे आल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, माझी बायको तहान मारत होती आणि मी तिला डॉक्टरांचं मत ऐकवत होतो. “मला आधी का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“सांगायचं काय त्यात?” ती म्हणाली. “सगळ्याच करतात तसं.”

खरंच सगळ्या करत होत्या. मी दारोदार जाऊन विचारलं. या वेळी पुरुषांना नाही, बायकांना. कुणी तीन सांगितली, कुणी चार. शालनबाई आधी म्हणाल्या, ‘आम्ही चहा पितो.’ मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “दोन. उन्हाळ्यात तीन. खेप वाढते ना हो.”

हे मी ओट्यावर सांगितलं तेव्हा अर्जुनराव मोठ्याने हसले. “बायकांना तहान कमीच असती राव!” पण त्यांचं बोलणं दाराआड पोचलं. एका महिन्यात आम्हा पुरुषांचं एका आकड्यावर एकमत झालं नव्हतं. बायकांचं पाच मिनिटांत झालं. पुढच्या गुरुवारी चाळीचं सगळं पाणी पुरुषांनी भरायचं. आणि भरलं नाही तर चुली पेटणार नाहीत.

तो गुरुवार पिंपरीने कधी पाहिला नसेल असा उजाडला. दहा पुरुष बांधावरून एकामागे एक निघाले. पुढे अर्जुनराव, प्रत्येक खांद्यावर एक हंडा. “हे काय वजन आहे?” म्हणत पहिली खेप त्यांनी पळत केली. दुसरी चालत. तिसऱ्या खेपेला ते बाभळीखाली टेकले आणि म्हणाले, “दौलतराव, बायकांचं हे रोजचंच?” मास्तरांनी हंडा पोटाशी लेकरासारखा धरला होता आणि दर पन्नास पावलांवर ते त्याला खाली ठेवून काहीतरी बोलत. कोंडाजी विहिरीच्या काठावर उकिडवे बसून हा सोहळा पाहत होते. “आरं, मानंला ताठ ठिवा, मानंला!” ते ओरडायचे. “ह्या परास माजा बैल बरा!”

चाळीत बायका ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. मधोमध माठ. कुणी पाणी पीत होतं, कुणी पिऊन झाल्यावर दुसरीला भरून देत होतं. भिंतीवर खडूच्या रेघा ओढल्या जात होत्या आणि त्या कुणी पुसत नव्हतं.

नेमक्या अशा वेळी दापोडीच्या पुलावरून, वैशाखाच्या उन्हात, सायकल हाणत ओव्हरसीअर रिसबूड साहेब आले. डोक्यावर खाकी टोपी, कॅरियरला दप्तर, चेहरा लालबुंद. फाटकापाशी त्यांना आधी दिसले ते डोक्यावर कळशी घेतलेले, चिखलाने माखलेले मालोजी मास्तर.

“इथे दौलतराव शेडगे कोण?” साहेबांनी विचारलं.

मास्तरांना मान हलवता येईना. त्यांनी डोळ्यांनी मागे दाखवलं. मागे मी होतो. डोक्यावर हंडा असताना सरकारी माणसाला नमस्कार करू नये. मी केला. हंडा आमच्या दोघांच्या मध्ये पडला आणि साहेबांचे बूट भिजले.

मला वाटलं, गेला नळ! पण साहेबांच्या तोंडून एवढंच आलं, “आधी जरा पाणी द्या हो.”

त्यांना ओट्यावर बसवलं. सुमनने फुलपात्र भरून दिलं. ते संपलं तोवर शालनबाईंचं आलं. मग पलीकडच्या यशोदाबाईंचं. प्रत्येक घरचं पाणी घेणं भागच होतं, आणि साहेब घेत होते. शालनबाईंना आता सवयच लागली होती. त्या साहेबांच्या पाठीमागे भिंतीवर रेघा ओढत होत्या. सहाव्याला साहेबांनी मान वर केली, मागे वळून भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, “हे काय आहे?”

“तुमची तहान, साहेब,” शालनबाई म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. एकतीस रेघांचंही सांगितलं. साहेब कडक होते. त्यांनी दूधवाल्याचं माप मागवलं, फुलपात्रांवरच्या रेघा तपासल्या, भिंतीवरच्या रेघा मोजल्या. दप्तरातून अर्ज काढला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. “आकडा?”

“साहेब, आकडे दोन आहेत,” मी म्हणालो. “पाणी हाताशी असलं तर अकरा फुलपात्री. स्वतः भरून आणायचं असलं तर चार.”

“रकाना एकच आहे.”

“पण साहेब...”

“शेडगे, मी रकाना वाढवू शकत नाही. तो अधिकार मला नाही.” त्यांनी जरा विचार केला. “सरासरी काढू. अकरा आणि चार, साडेसात.”

“उत्तम!” मास्तर म्हणाले. त्यांची मान तेवढ्यात सुटली होती. “डॉक्टरांच्या मताशीही जुळतं!”

पुरुषांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होतो. पण गोजाबाई गवताचा भारा उतरवून ओट्याच्या पायरीशी उभी होती. ती म्हणाली, “सायेब, एक इचारू का?”

“विचारा बाई.”

“तुमी आत्ता सा प्यालात. सायकलवर बसून आलात म्हून सा. घरी असता तर चार प्याला असता. व्हय का न्हाई?”

“हो.”

“मंग आमी तुमाला सरासरी काडून पाच दिली असती तर चाललं असतं का? एक फुलपात्र माघारी ठिवलं असतं तर?”

साहेबांनी हातातल्या फुलपात्राकडे पाहिलं.

“मानसाला तहान किती लागती ते लिवा, सायेब,” गोजाबाई म्हणाली. “किती मारती ते नगा लिवू. ती मारायला आमी हावच की.”

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्या ‘पुरेसे’वर शांतपणे काट मारली आणि वर लिहिलं, ‘अकरा फुलपात्री, म्हणजे पावणेतीन शेर. प्रत्यक्ष तपासले.’ खाली सही केली. मग टोपी घालताना सुमनकडे वळून म्हणाले, “आणखी एक मिळेल का? लांब जायचंय.”

अर्ज त्यानंतरही एकदा परत आलाच. कुणीतरी विचारलं होतं, ‘फुलपात्र म्हणजे काय?’ मी आमचं एक फुलपात्र फडक्यात बांधून घेऊन गेलो आणि खिडकीतून आत दिलं. ते त्यांनी फाइलीला दोऱ्याने बांधलं. अजून परत मिळालेलं नाही.

पण नळ मिळाला. पावसाळ्यानंतर खड्डे खणले गेले आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी आमच्या अंगणात कमरेएवढा पाइप उभा राहिला. घरटी एक वगैरे काही नाही, सगळ्या चाळीला मिळून एक. पाणी यायचं त्या सकाळी मास्तरांनी भाषण आणलं होतं, अर्जुनरावांनी नारळ. कोंडाजी नवं मुंडासं बांधून आले होते आणि पाइपाला हात लावून पाहत होते.

तोटी सोडली. आधी नुसतीच हवा आली, फुर्रकन. बायका मागे सरकल्या. मग दोन गुळण्या तांबूस पाणी आलं. मग एकदम स्वच्छ, जाड, चकाकती धार. मास्तरांनी कागद उघडला, “उपस्थित बंधूंनो...” पण कुणी ऐकायला थांबलं नाही. अर्जुनरावांनी नारळ फोडायचा सोडून हातातच धरला आणि बाजूला होऊन म्हणाले, “सुमनताई, पहिल्यांदा तुम्ही.”

सुमनने पदर कमरेला खोचला. ती वाकली, तोटीखाली ओंजळ धरली आणि पिऊ लागली. एक ओंजळ. दुसरी. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळून लुगड्यावर, पायांवर, सगळीकडे सांडत होतं. तिने श्वास घेतला आणि पुन्हा ओंजळ धरली. मागे रांग लागली होती, हंडे एकमेकांवर आपटत होते. भोंग्याची वेळ होत आली होती.

“सुमनताई, आटपा की हो!” शालनबाई ओरडल्या.

ती वाकल्यावाकल्याच, तोंड वर न काढता म्हणाली, “थांबा जरा! तहान लागलीय मला!”